गोवर्धन मुक्कामी, वर्ष ४२

जाण्याआधी मिसळ खाऊन घ्या. तिकडे मिळणार नाही. तिकडे मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणाही नाही; ही सगळी मंडळी पोर्तुगीज गलबतांच्या काळात येणार आणि त्या गलबतांना यायला अजून जवळजवळ चौदाशे वर्षं आहेत. तिखटाची हौस मिरी आणि पिंपळीवर भागवावी लागेल. रविवारी सकाळी नाशिककराला हे ऐकवणं जिवावर येतं, पण आधी सांगितलेलं बरं.

जायचंय पांडवलेण्यांवर. दगडावर या डोंगराचं नाव तिरण्हु असं आहे, पुस्तकांत त्रिरश्मी. रिक्षावाल्याला मात्र पांडवलेणीच सांगा. मुंबई-आग्रा महामार्गावरून फाळके स्मारकाकडे वळा, बुद्धविहार मागे टाका आणि पायऱ्या चढायला लागा. तुमची धाप ओसरेपर्यंत रोज फिरायला येणाऱ्या काकांची एक फेरी पुरी झालेली असते. मनावर घेऊ नका. तिकीट काढा. चोवीस लेणी एका ओळीत, तोंडं उत्तरेकडे, त्यामुळे ऐन वैशाखातही पडवीत सावली. पांडवांनी यातलं एकही खोदलेलं नाही. ज्यांनी खोदवलं त्यांची नावं, त्यांच्या बायकांची, लेकींची, आयांची नावं, कोणी किती पैसे दिले, कोणाकडे ठेवले, व्याज किती, हे सगळं भिंतींवर आहे. ते वाचायचं सोडून आपण भीमाची गदा शोधत फिरतो.

स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्कान्सेन उघडलं. स्वीडनभरची जुनी घरं उचलून एका टेकडीवर आणली आणि त्यांत जुन्या पोशाखातली माणसं वावरायला ठेवली. उघड्यावरच्या, चालत्याबोलत्या संग्रहालयांचा विषय निघाला की हे नाव पहिल्यांदा येतं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. गावगाड्यातले बलुतेदार, शेतकरी, बायाबापड्या, सगळे माणसाच्या उंचीचे पुतळे, जो तो आपापल्या कामात. पोरांना फार आवडतं, मलाही. पण पुतळ्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. नाशिकच्या डोंगरावर अशी मांडलेली घरं नाहीत. मूर्ती आहेत त्या बहुतेक बुद्धाच्या आणि यक्षांच्या. इथे आहेत ते हिशेब, आणि आजचा दिवस त्या हिशेबांतूनच उभा करायचाय. अट एकच: जे दगडावर आहे ते दगडाचं म्हणून सांगेन, जे सामान उसनं आणावं लागेल, ते कुठून आणलं तेही सांगून टाकेन.

दहाव्या लेण्याच्या पडवीत या. खांबांच्या माथ्यावर जनावरं बसलीत, मागच्या भिंतीवर छताखाली अक्षरांच्या लांबलचक ओळी आहेत. जरा वेळ नुसतं बघा. अधिकच्या खुणेसारखं दिसतं ते क. नुसतं वर्तुळ म्हणजे ठ. त्याला पुढे एक शेंडी फुटली, बाकी अजून तस्साच आहे. भिंतीला हात लावायचा नाही, नजरेनंच जायचं. सुरुवातीला ‘सिद्धम्’. मग वर्ष ४२, महिना वैशाख. शक धरला तर इ. स. १२० च्या आसपास. राजा क्षहरात क्षत्रप नहपान. दान देणारा त्याचा जावई, दीनिकाचा मुलगा उषवदात.

चला.

तुम्ही जागे होता ते गोवर्धनात. आजही गंगापूर रस्त्यानं सोमेश्वर मागे टाकलं की गोवर्धन लागतं. मध्ये चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या, ओवरीत गोण्या, माणसं आणि घोरणं. या चौसोपी धर्मशाळेला दगडावर चतुःशाल म्हटलंय. अशाच आणखी तीन, भरुकच्छ, दशपूर आणि शूर्पारक इथे, म्हणजे भडोच, मंदसोर आणि सोपारा. बांधणारा तोच, उषवदात. शेजारी भडोचहून आलेला एक व्यापारी वळकटी बांधतोय. वाटेत त्यानं तापी ओलांडली, पार ओलांडली, दमणगंगा ओलांडली, आणि नावाड्यांनी कुठेच उतराई घेतली नाही.

‘‘जावयाच्या नावा,’’ तो म्हणतो. ‘‘काठावर बसायला मांडव, प्यायला पाणी. तेही फुकट.’’

(त्याची प्राकृत तुम्हांला नाशिकच्या बोलीत ऐकू येते आहे. प्रवाशाला एवढी सूट हवी.) व्यापारी मी घडवलाय, नावा, सभा आणि पाणपोया दगडावर आहेत, नद्यांच्या नावांसकट: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका. डहाणूला उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की आपल्या नदीवर राजाच्या जावयानं फुकट तर चालवली होती?

तोंड धुवायला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जा. घाट नाही, कुंभमेळ्याचं बांधकाम नाही, पाणी मात्र वाहतं. परत येताना विणकरांच्या वस्तीतली पोरं तुमच्यामागे लागतात. हसतायत ते तुमच्या जीन्सला, पण नुसतं हसत नाहीत. एक मुलगी खाली बसते, पायचा उलटा करते आणि आतली वीण बघते. मग ओरडत घरात पळते, ‘‘आजा, तिरकं विणलंय!’’

म्हातारा बाहेर येत नाही, तुम्हांलाच आत बोलावतो. तो मागावर बसलाय, पाय खड्ड्यात. हा माग मी येवल्याहून उसना आणलाय, पैठणीवाल्यांच्या घरातून. धोटा, फणी, कांड्या, सगळं तिथलं. दगडावर फक्त ‘कोलिक’ एवढंच आहे आणि त्यांची श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, गोवर्धनात राहते, इतकंच. कोलिक म्हणजे विणकर. पण विणकर म्हटला की ताणा आला, ताण्याला खळ आली आणि खळीचा तो आंबूस वासही आला. म्हातारा तुमच्या पायच्याची कड दोन बोटांत धरून चोळतो, सूत मोजल्यासारखं करतो आणि सोडून देतो. कापड त्याला पटलेलं दिसतं, शिवण नाही.

‘‘बसा पाव्हणं.’’

तुम्ही बसता आणि थेट पैशाचं विचारता. आपल्याकडे ते शिष्टाचारात बसत नाही, पण तुमच्याकडे एकच दिवस आहे.

‘‘जावयानं किती ठेवलेत तुमच्याकडे?’’

‘‘दोन हजार कार्षापण. शेकडा एक.’’

‘‘वर्षाला?’’

तो हसतो, दात दोनच. ‘‘महिन्याला हो.’’

आपल्या गावातली सावकारी भाषाही हीच आहे. ‘शेकडा एक’ म्हटलं की महिन्याचं समजायचं, वर्षाचं फक्त बँकेत. पलीकडच्या गल्लीत विणकरांची दुसरी श्रेणी आहे, तिच्याकडे आणखी १,००० ठेवलेत, त्यांचा दर पाऊण. दगडावर ‘पायून’ असं लिहिलंय.

आता बोटांवर मोजा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. या पैशांतून उषवदाताच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असं दगड सांगतो. वीस गुणिले बारा, २४०. एक कवडी इकडे नाही, तिकडे नाही. दुसऱ्या १,००० चं पाऊण टक्क्यानं वर्षाचं व्याज ९०, ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चाला. राजांच्या शिलालेखांत लाखांचे आकडे उधळलेले असतात. याच जावयानं तीन लाख गाई दिल्याचंही इथेच लिहिलंय आणि त्यापुढे आपण मान डोलावतो. पण या २४० मध्ये कोणीतरी खरोखर हिशेबाला बसलं होतं. आधी वीस जणांची वस्त्रं धरली, मग त्यावरून मुद्दल काढलं.

‘‘आणि हे दोन हजार परत कधी करायचे?’’ तुम्ही विचारता.

म्हातारा धोटा खाली ठेवतो.

‘‘परत नाहीच करायचे. मोजून घेतले त्या दिवशी पोरं नाचली. सूत आलं, दोन माग वाढले. मला रात्री झोप लागेना. म्हटलं, व्याज माझा नातू भरेल, मग त्याचा नातू भरेल. संपणार कधी?’’

‘‘राजा बदलला तर संपेल की.’’

‘‘राजा बदलला म्हणून भिक्खूंचं अंग उघडं ठेवायचं का? पावसाळा काय राजाला विचारून येतो?’’

मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज भोगायचं, हे दगडावर आहे. झोप न लागणं माझं. पण ज्यानं कधी पतपेढीत सही केली आहे तो सांगेल, न फिटणारं कर्ज आणि न संपणारा मान एकाच कागदावर आला की माणूस कूस बदलत राहतो. आणि राजाच्या जावयानं पैसे ठेवायला विणकरच का निवडले, तेही बघा. राजाच्या कोठारात ठेवले असते तर ते राजापुरते टिकले असते.

म्हातारा कनवटीची गाठ सोडतो आणि एक नाणं तुमच्या तळव्यावर ठेवतो. चांदीचं, बोटाच्या नखाएवढं, अडीच ग्रॅमही भरणार नाही. एका बाजूला नहपानाचा चेहरा, नाक सरळ आणि मोठं, कडेनं ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. नखाएवढ्या जागेत तीन लिप्या. ‘‘अशी पस्तीस दिली की एक सुवर्ण,’’ म्हातारा सांगतो. तो भाव दगडावर आहे: ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण. नाणं घ्या, तुम्हांला लागेल.

दुपार व्हायच्या आत निगमसभेत पोचा. निगमसभा म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागिरांची बैठक, आणि आज तिथे दानपत्र वाचून दाखवायचंय. सभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं दगड स्पष्ट सांगतो. वाचणारा माणूस तोंडानं मोठा आहे. तीन हजारांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम राखायची ठेव, दोन श्रेणी, दोन दर. मग कापूर आहारातल्या चिखलपद्र गावी नारळाची ८,००० झाडं. नारळ म्हटल्यावर मागच्या बाजूला कुजबुज होते. कोणीतरी त्यांचा भाव काढतंय. ही चव्हाट्यावरची वाचणी मला डोंगरावरच्या सगळ्या कोरीवकामाहून मोठी वाटते. दान देणारा राजाचा जावई, घेणारा संघ, सांभाळणारे विणकर, आणि साक्षीला अख्खा बाजार. उद्या श्रेणीनं टाळाटाळ केली तर ‘आम्ही ऐकलं होतं’ म्हणायला शंभर माणसं आहेत. आपल्या ग्रामसभेत कोरम भरत नाही म्हणून सह्या घरोघर फिरवल्या जातात, त्या पार्श्वभूमीवर हे ऐकायला बरं वाटतं.

तिथून डोंगर दोन-अडीच तासांची चाल. भाकरी आणि तिळाचं कालवण कोणीतरी बांधून देईल. ज्वारी तेव्हा आपल्याकडे होती, तेव्हा या शिदोरीबद्दल मला फार अपराधी वाटत नाही. वाटेत सकाळचा तो व्यापारी पुन्हा भेटतो आणि एक शेत दाखवतो. उषवदातानं हे शेत लेण्यातल्या भिक्खूंच्या जेवणासाठी घेतलंय, वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाला ४,००० कार्षापण मोजून. राजाच्या जावयाला शेत नुसतं घेता आलं असतं. त्यानं विकत घेतलं आणि किंमत कोरून ठेवली. त्याच भिंतीवर त्याची लढाईची फुशारकीही आहे: उत्तमभाद्रांना वेढून बसलेले मालय नुसता आवाज ऐकून पळाले म्हणे. मालय पळाले की नाही ते मालयांना विचारायला हवं. खरेदीखतावर मात्र माझा विश्वास बसतो.

डोंगर चढून तुम्ही पुन्हा दहाव्या लेण्यात येता, पण आता ते कोरं आहे. खोल्यांच्या भिंतींवर छिन्नीचे तिरके फराटे. ते आजही दिसतात, फक्त आत्ता त्यांना धार आहे आणि पायाखाली कपच्या आहेत. दालनाच्या दोन्ही अंगांना पाच-पाच, मागे सहा, अशा सोळा खोल्या, प्रत्येकीत दगडी ओटा. सोळा खोल्या आणि वीस चीवरं, म्हणजे कोणीतरी दोघंदोघं. पडवीच्या टोकाच्या खोलीवर नाव कोरलंय ते नहपानाच्या मुलीचं, दक्षमित्राचं. उषवदाताची ही बायको. नवऱ्यानं अख्खं लेणं दिलं तरी तिनं एका खोलीचं दान आपल्या स्वतःच्या नावावर ठेवलं.

आता ओळीनं मागे चला, तिसऱ्या लेण्याकडे. मध्ये सहाव्याशी थांबा. हे वीर नावाच्या व्यापाऱ्याचं: चार खोल्यांपैकी एक बायको नंदश्रीची, एक मुलगी पुरुषदत्ताची. आठव्यावर मुगुदासाचं नाव आहे, सहकुटुंब. तो कोळी होता असं मानतात. मासे धरणाऱ्यानं अहिंसावाल्यांना घर दिलं आणि त्यांनी ते घेतलं. मला डोंगरावरच्या सगळ्या देणगीदारांत हा माणूस जास्त आवडतो. पलीकडे सतराव्यात उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला यवन इंद्राग्निदत्त आहे. अठराव्या चैत्यगृहाच्या दारावर नासिककरांचं, धंभिक गावाचं दान आहे. गावानं वर्गणी काढून दर्शनी बाजू करून दिलेली. तिकडे मुक्काम करायला वेळ नाही, पण नाशिकचं नाव तिथे दगडावर आहे, एवढं डोक्यात ठेवा.

तिसऱ्याच्या दारात पोचलात की मुठीतलं नाणं उघडून बघा. नहपानाचं नाक अजून आहे, पण त्याच्यावर तीन कमानींची टेकडी उमटली आहे. सातवाहनांचा छाप. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला शिक्का मारला. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर असा दुसरा ठोका होता. राजा बदलला तो असा. चांदी तीच, वजन तेच, कनवटीही तीच.

तिसऱ्या लेण्याच्या जोत्यावर सहा यक्ष खांद्यावर तुळया घेऊन बसलेत, जमिनीतून अर्धे वर आलेले. दाराला दगडात लाकडी तोरणाची नक्कल आहे. आत अठरा खोल्या. दहाव्यात सोळा, इथे अठरा. याला चढाओढ म्हणायला माझी हरकत नाही.

पडवीच्या भिंतीवर दोन हुकूम एकाखाली एक आहेत आणि ते सलग वाचले तर सरकारी कामकाज किती जुनं आहे ते कळतं. पहिला गौतमीपुत्राच्या राज्याच्या वर्ष १८ चा, गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला. पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना दिलं. या शेतात राजपुरुषांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. हरलेल्याची जमीन, जिंकलेल्याचं दान. घोषणेला शोभेसा हुकूम.

दुसरा वर्ष २४ चा. तेव्हा अमात्य आहे श्यामक. त्याच्या कचेरीत तुम्ही एका बाजूला उभे राहा. कचेरीचं सामान मी कुठूनही उसनं आणलेलं नाही, कोणत्याही तहसीलची डोळ्यांसमोर आणा. दोन भिक्खू आलेत. सहा वर्षं झाली, आणि ते सांगतायत की काखडीचं शेत कोणी कसत नाही, त्या गावात वस्तीच नाही. कागदावर २०० निवर्तनं, ताटात शून्य. यावर आलेला हुकूम असा: तसं असेल तर नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय शेतातली १०० निवर्तनं द्या, आधीच्याच सगळ्या सवलतींसह. निम्मी जमीन, पण पिकणारी, आणि सरकारनं आपली चूक निस्तरल्याचं कोरून ठेवलेलं. ते त्यांनी पुसलं नाही, पहिल्या हुकुमाच्या खाली लावून दिलं. या कागदाच्या प्रवासात लोटा नावाच्या प्रतिहारी स्त्रीचंही नाव येतं; राजाच्या दारावर पहारा करणारी बाई, कारभाराच्या दगडावर.

हा दुसरा हुकूम राजा एकटा देत नाही. त्याच्याबरोबर राजमातेचं नाव आहे आणि तिला विशेषण लावलंय ‘जीवसुता’, जिचा मुलगा हयात आहे ती.

वर बघा. दाराच्या वरच्या अंगाला मोठा लेख आहे, नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षातला. देणारी तीच बाई, गौतमी बलश्री. आता ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी. मुलगा गेलेला आहे. हे लेणं ती भदायनीय पंथाच्या भिक्खूंना देते आहे आणि देताना मुलाबद्दल बोलत सुटते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. धर्माला सोडून कर लावला नाही. अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. आणि या सगळ्या पराक्रमात तिनं एक गोष्ट अलगद सरकवली आहे: तो आईची सेवा करण्यात कधी चुकला नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा उतारा सातवाहन साम्राज्याच्या सीमा काढायला वापरतात. प्रदेशांची यादी त्यात आहेच. पण पडवीत उभं राहून वाचलं की म्हाताऱ्या बाईनं पाहुण्याला मुलाचा फोटो दाखवावा तसा तो लागतो.

आणि ‘वंश निःशेष केला’ हे ती जिथे कोरते आहे, तिथून सात लेणी पलीकडे उषवदाताचं नाव, नहपानाचं नाव, दक्षमित्राची खोली, २,००० आणि १,००० चा हिशेब, सगळं जसंच्या तसं आहे. नाण्यांवर ठोका मारणाऱ्यांनी भिंतीवर छिन्नी चालवली नाही. चालवली असती तर विणकर म्हणाले असते, मग व्याज कशाचं भरायचं?

ऊन कलायला लागलंय. एकदा परत दहाव्याच्या अंगणात चला, डाव्या भिंतीकडे. आता सातवाहनही गेलेत. तिसरं शतक, आभीर राजा ईश्वरसेनाचं ९ वं वर्ष. उपासिका विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची मुलगी. तिच्या बापाच्या नावाआधी ‘शक’ लागतो, राजा आभीर आहे, डोंगर बौद्धांचा आहे, आणि ती पैसे ठेवते आहे त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी. ठेवते कुठे? गोवर्धनच्या श्रेणींकडे. कुलरिकांकडे १,०००, ओदयंत्रिकांकडे, म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे, २,०००, तेल्यांकडेही काही. मधल्या शतकभरात राजवटी बदलत गेल्या तरी पैसे ठेवायची जागा बदललेली नाही. विणकरांच्या घरातली ती पोर, जिनं तुमचा पायचा उलटा करून पाहिला, तिच्या नातवंडांची नातवंडं आत्ता खाली कुठेतरी ताणा लावत असतील. तिला मी घडवलंय, पण श्रेणी मी घडवलेली नाही.

या भिंतींवर पुढेही बरंच होणार आहे. दहाव्याच्या मागच्या भिंतीवरच्या स्तूपात कोणीतरी भैरव कोरेल, अकराव्यात जैन मूर्ती येतील, विसाव्यात मोठे बुद्ध बसतील, आणि शेवटी सगळंच पांडवांच्या नावावर चढेल. खाली गावात १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव मातीची गढी खणतील आणि या सगळ्या लोकांची फुटकी मडकी, मणी नीट थरांनी मांडतील. गढीला पावसाळ्यात दरवर्षी दरड पडते, त्याची बातमी तुम्ही वाचता.

तुमचा दिवस संपतो तो शाळेच्या सहलीच्या गोंगाटानं. पाचवी-सहावीची पोरं पडवीत घुसतात, बाई पाण्याच्या बाटल्या मोजतायत, एक मुलगा यक्षाला भीम ठरवून मोकळा झालाय. तुम्ही विचारल्याशिवाय राहत नाही. दोन हजार रुपये, शेकडा एक दरमहा, वीस माणसं. वर्षाला प्रत्येकी किती?

पोरं बोटांवर मोजतात. मागून एक जण ओरडतो, ‘‘बारा!’’

‘‘बरोबर. हेच भिंतीवर लिहिलंय.’’

‘‘मग एकविसावा आला तर?’’ तो विचारतो. बाई म्हणतात, काकांना त्रास देऊ नकोस, आणि रांग लावायला सांगतात. पण तो हलत नाही. त्याला उत्तर हवंय, आणि आपली रांग सोडून तो भिंतीवरच्या ओळीत एकवीसचा आकडा शोधायला लागलाय.